'रेव्होल्यूशन' हा इंग्रजी शब्द नेमका कसा वापरावा: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

'रेव्होल्यूशन' म्हणजे क्रांती, हे शाळेत पाठ होते आणि बहुतेकांचा या शब्दाशी संबंध तिथेच थांबतो. मग तोच शब्द गाडीच्या डॅशबोर्डवर दिसतो, भूगोलाच्या पुस्तकात दिसतो, गणितात शंकूची व्याख्या वाचताना आडवा येतो आणि टूथब्रशच्या जाहिरातीतही सापडतो. यातल्या एकाही ठिकाणी 'क्रांती' बसत नाही. इंग्रजीत लिहायला लागलेल्यांची आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायला बसलेल्या नवख्यांची इथे हमखास गल्लत होते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घेतल्या तर ती टळते.

सुरुवातीला जवळ काय हवे

- इंग्रजी-इंग्रजी कोश, तोही शिकणाऱ्यांसाठी बनवलेला. त्यात नाम मोजता येते की नाही आणि कोणते शब्दयोगी लागते, हे उदाहरणांसह दिलेले असते. इंग्रजी-मराठी कोशात ही माहिती क्वचितच मिळते.
- कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द येतो हे सांगणारा सहशब्दांचा कोश.
- भूगोल, भौतिकशास्त्र आणि यंत्रशास्त्र या विषयांचे मराठी परिभाषा कोश.
- मराठी शुद्धलेखनाच्या नियमांची पुस्तिका. ती कशाला लागते, हे सातव्या पायरीत कळेल.

मोबाइलवरचे भाषांतराचे ॲप या यादीत मुद्दामच घेतलेले नाही. आजूबाजूचा मजकूर न देता एकटा शब्द टाकला की ते बहुधा 'क्रांती' असे उत्तर देते, आणि चूक नेमकी तिथूनच सुरू होते.

1. स्पेलिंग आणि उच्चार आधी पक्के करा

अक्षरे दहा: आर, ई, व्ही, ओ, एल, यू, टी, आय, ओ, एन. यात 'एल' एकच आहे.

या शब्दाचे तीन शेजारी फार त्रासदायक आहेत. 'व्ही'च्या जागी 'एस' पडला की 'रेझोल्यूशन', म्हणजे ठराव किंवा संकल्प. सुरुवातीचा 'आर' गळला की 'एव्होल्यूशन', म्हणजे उत्क्रांती. मधला 'ओ' 'ई' झाला आणि 'यू' 'ए' झाला की 'रेव्हेलेशन', म्हणजे उलगडा किंवा साक्षात्कार. हे तिन्ही शब्द इंग्रजीत अस्तित्वात असल्यामुळे स्पेलिंग तपासणारी प्रणाली लाल रेघ ओढत नाही. नव्या वर्षाच्या संकल्पाऐवजी 'न्यू इयर रेव्होल्यूशन' छापून जाते ते यामुळेच. हा शब्द लिहिल्यावर डोळ्यांनीच तपासायचा, यंत्रावर सोडायचा नाही.

उच्चारात जोर 'लू'वर आहे: रे-व-लू-शन. दुसरे अक्षर अगदी पुसट येते. तिथे 'व्हो' असा ठसठशीत उच्चार करायची मराठी सवय मोडावी लागते. लिहिताना मात्र मराठीत 'रेव्होल्यूशन' असेच रूप रुळले आहे, त्यामुळे ते तसेच ठेवायला हरकत नाही.

क्रियापदे वेगळ्या चालीची आहेत. 'रिव्हॉल्व्ह' (फिरणे) आणि 'रिव्होल्ट' (उठाव करणे) यांत पहिले अक्षर 'रि' होते आणि जोर शेवटी जातो. म्हणजे नामात 'रे' आणि क्रियापदात 'रि'. बोलताना हे उलटे झाले तरी समोरच्याला कळते, पण ऐकताना घोटाळा होतो.

2. स्वतःला एकच प्रश्न विचारा: काही फिरते आहे की काही उलटते आहे?

या शब्दाची सगळी गुंतागुंत या प्रश्नापाशी सुटते, म्हणून इथे जरा थांबू.

मूळ लॅटिन क्रियापद 'रेव्होल्व्हेरे'. 'रे' म्हणजे पुन्हा किंवा मागे, 'व्होल्व्हेरे' म्हणजे गुंडाळणे, फिरवणे. याच 'व्होल्व्हेरे'पासून 'एव्होल्यूशन' (गुंडाळी उलगडणे) आला आणि 'व्हॉल्यूम'ही आला, कारण जुनी पुस्तके गुंडाळ्यांच्या रूपात असत. 'व्होल्वो' या गाडीच्या नावाचा अर्थसुद्धा लॅटिनमध्ये 'मी फिरतो' असाच आहे. तेव्हा मुळात हा शब्द गोल फिरून त्याच जागी परत येण्याचा आहे. इंग्रजीत तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला तेव्हा त्याचा अर्थ आकाशातल्या ग्रहगोलांचे फिरणे हाच होता. कोपर्निकसचा सूर्यकेंद्री मांडणीचा ग्रंथ 1543 मध्ये छापला गेला. त्याच्या लॅटिन शीर्षकातला 'रेव्होल्युशनिबस' हा शब्द ग्रहगोलांच्या भ्रमणाबद्दल आहे. तिथे बंडाचा वासही नाही.

मग फिरून जागेवर येण्याचा शब्द सगळे उलथून टाकण्यासाठी कसा वापरला जाऊ लागला? सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ही वाट दिसते. 1660 मध्ये राजेशाही परत आली तेव्हा त्या घटनेलाही 'रेव्होल्यूशन' म्हटले गेले, कारण चक्र फिरून जुन्या जागी आले होते. 1688 च्या 'ग्लोरियस रेव्होल्यूशन'मध्ये दुसरा जेम्स गेला आणि विल्यम व मेरी गादीवर आले. तिथेही भाषा जुने हक्क परत मिळवण्याचीच होती. 1789 च्या फ्रान्समध्ये ती उरली नाही. मागे जायचे नाही, सगळे नव्याने मांडायचे, हा अर्थ त्यानंतर पक्का झाला.

गंमत अशी, की मराठीची कथाही आकाशातूनच सुरू होते. 'क्रांती'चे मूळ 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल टाकतो ती संक्रांत, आणि त्याचा आकाशातला वार्षिक मार्ग ते क्रांतिवृत्त. फरक इतकाच, की इंग्रजी शब्दात गोल फिरणे आहे आणि मराठी शब्दात ओलांडून पुढे जाणे आहे. म्हणून इंग्रजी शब्दाचे 'फिरणे' मराठी 'क्रांती'त मावत नाही आणि त्याला वेगळा शब्द शोधावा लागतो.

3. काही फिरत असेल तर

आधी विषय ओळखा, कारण इथे दोन शास्त्रांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत.

*खगोल आणि भूगोल.* स्वतःभोवती फिरणे ते 'रोटेशन', मराठीत परिवलन. दुसऱ्या गोलाभोवती फिरणे ते 'रेव्होल्यूशन', मराठीत परिभ्रमण. पृथ्वीचे परिवलन ताऱ्यांच्या संदर्भात 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांचे, परिभ्रमण सुमारे 365.25 दिवसांचे. चंद्राची दोन्ही सुमारे 27.3 दिवसांची असल्यामुळे तिथे शब्दांची अदलाबदल झाली तरी आकडा चुकत नाही आणि चूक लपून राहते. शुक्रावर ती लगेच उघडी पडते. त्याचे परिभ्रमण सुमारे 225 दिवसांचे आणि परिवलन सुमारे 243 दिवसांचे, म्हणजे वर्षापेक्षा एक गिरकी मोठी. मजकूर शुक्राबद्दल असेल तर हे दोन शब्द दोनदा तपासा.

*यंत्रे.* इथे वरचा नियम सोडून द्या. चाक, मोटर, पंखा हे सगळे स्वतःच्याच आसाभोवती फिरतात, तरी त्यांच्या एका पूर्ण फेऱ्याला 'रेव्होल्यूशन'च म्हणतात. भूगोलाचा नियम घट्ट धरून बसलेला विद्यार्थी इथे अडखळतो आणि पुस्तकच चुकले असे समजतो. 'आरपीएम' म्हणजे 'रेव्होल्यूशन्स पर मिनिट', मिनिटाला किती फेरे. सेकंदाचा हिशेब हवा असेल तर 60 ने भागा. मोटर 3000 आरपीएमने फिरत असेल तर सेकंदाला 50 फेरे, आणि 7200 आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते.

गाडीतला फेरेमापक जवळून पाहा. तबकडीवर 1, 2, 3 असे आकडे असतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'गुणिले 1000' लिहिलेले असते. काटा 3 वर आहे म्हणजे इंजिनाचा दांडा मिनिटाला 3000 फेरे घेतो आहे. चार टप्प्यांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते. म्हणजे 3000 फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 1500 ज्वलने, सेकंदाला 25. अशा मजकुरात 'रेव्होल्यूशन'ला 'आवर्तन' म्हटले तर शास्त्रीय वाटते आणि 'फेरा' म्हटले तर वाचकाला चटकन कळते. वापरपुस्तिकेसाठी माझे मत 'फेरा'ला. दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात मिसळू नका, वाचकाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

इंजिनाच्याच भाषेत याचे छोटे रूप 'रेव्ह' असे आहे, आणि ते क्रियापदही होते: इंजिन 'रेव्ह' करणे, म्हणजे गाडी न हलवता ॲक्सिलरेटर दाबून फेरे वाढवणे. भूतकाळात आणि '-इंग' लावताना 'व्ही' दोनदा येतो. इंग्रजीत 'व्ही' दुपटीने क्वचितच दिसतो, म्हणून ही चूक सहज होते.

जुन्या ध्वनिमुद्रिकांवरचे 78, 45 आणि 33⅓ हे आकडेही मिनिटाचे फेरेच. 33⅓ ची तबकडी एक फेरा 1.8 सेकंदांत पूर्ण करते.

*गणित.* 'सॉलिड ऑफ रेव्होल्यूशन' म्हणजे सपाट आकृती एका रेषेभोवती पूर्ण फिरवून मिळणारा घन. आयत एका बाजूभोवती फिरवला तर वृत्तचिती, काटकोन त्रिकोण काटकोनाच्या एका भुजेभोवती फिरवला तर शंकू, अर्धवर्तुळ व्यासाभोवती फिरवले तर गोल. एक पूर्ण 'रेव्होल्यूशन' म्हणजे 360 अंश.

4. सत्ता किंवा समाजव्यवस्था उलटत असेल तर

इथे 'क्रांती' निर्धास्त वापरा, पण आधी ती क्रांतीच आहे का ते पाहा. राजवाड्यात माणसे बदलली आणि खाली सगळे तसेच राहिले, तर तो सत्तापालट. व्यवस्थाच बदलली, सत्ता कुठून येते याचे उत्तर बदलले आणि त्यात लोकांचा मोठा सहभाग होता, तर 'रेव्होल्यूशन'.

नाव ठरून गेलेल्या क्रांत्यांची पहिली अक्षरे इंग्रजीत मोठ्या लिपीत येतात आणि आधी 'द' लागतो: 'द फ्रेंच रेव्होल्यूशन'. सर्वसाधारण क्रांतीबद्दल बोलताना छोटे अक्षर. 'द रेव्होल्यूशन' असे एकटे आले तर कोणती क्रांती हे आधीच्या मजकुरावरून ठरवावे लागते. अमेरिकी पुस्तकात ती बहुधा 1775 ते 1783 ची असते.

तारखांचा एक सापळा. 1917 ची 'ऑक्टोबर रेव्होल्यूशन' आजच्या दिनदर्शिकेनुसार 7 नोव्हेंबरला झाली. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, ती 13 दिवस मागे चाले, म्हणून तिथे तो दिवस 25 ऑक्टोबर होता. फेब्रुवारीतली क्रांतीही याच हिशेबाने मार्चमध्ये येते. भाषांतर करताना 'मूळ मजकुरात चूक दिसते' म्हणून महिना बदलू नका.

रंगांच्या आणि फुलांच्या नावांच्या क्रांत्या पुष्कळ आहेत: पोर्तुगालची 25 एप्रिल 1974 ची 'कार्नेशन', चेकोस्लोव्हाकियाची 1989 ची 'व्हेल्व्हेट', जॉर्जियाची 2003 ची 'रोझ', युक्रेनची 2004 ची 'ऑरेंज'. 'व्हेल्व्हेट'ला 'मखमली क्रांती' छान बसते. 'कार्नेशन' मात्र तसेच ठेवा, त्या फुलाला सगळ्यांना ओळखीचे मराठी नाव नाही.

'व्हाइट रेव्होल्यूशन' दिसले की थांबा. इराणच्या शहांनी 1963 मध्ये सुरू केलेल्या सुधारणांचे ते नाव आहे, आणि भारतातल्या दूध उत्पादनाच्या वाढीलाही तेच म्हणतात. दुधासाठी 'धवलक्रांती' आणि इराणसाठी 'श्वेतक्रांती' अशी वाटणी केली तर वाचकाचा गोंधळ होत नाही.

5. एखादे क्षेत्र बदलत असेल तर

हा तिसरा अर्थ दुसऱ्यातूनच निघाला. कुणाचे सिंहासन जात नाही, पण काम करण्याची पद्धत मुळापासून बदलते. 'इंडस्ट्रियल रेव्होल्यूशन' हे नाव इंग्रजीत रुळले ते अर्थशास्त्रज्ञ अर्नोल्ड टॉइन्बी यांच्या व्याख्यानांमुळे. ती त्यांच्या मृत्यूनंतर 1884 मध्ये छापली गेली. (हे टॉइन्बी म्हणजे पुढे जगाचा इतिहास लिहिणाऱ्या टॉइन्बींचे काका. दोघांची गल्लत नेहमी होते.) 'ग्रीन रेव्होल्यूशन' हा प्रयोग 8 मार्च 1968 च्या भाषणात विल्यम गॉड यांनी केला. सोव्हिएत लाल क्रांती आणि शहांची पांढरी क्रांती यांच्यापासून वेगळी, म्हणून हिरवी, असा त्यांचा रोख होता.

या अर्थाने शब्द वापरण्याआधी एक कसोटी लावा: बदलानंतर जुन्या पद्धतीने काम करणारा माणूस त्या क्षेत्रात टिकू शकतो का? सहज टिकत असेल तर 'इम्प्रूव्हमेंट' किंवा 'चेंज' पुरे. टूथब्रशचे दाते थोडे वाकवले म्हणून तो 'रेव्होल्यूशनरी' होत नाही. जाहिरातींनी हे विशेषण इतके झिजवले आहे, की गंभीर लेखनात ते दिसले की वाचक आधी संशय घेतो.

6. वाक्यात बसवा

नाम मोजता येणारे आहे. एकवचनात आधी 'अ' किंवा 'द' हवाच. मराठीत 'क्रांती झाली' म्हणताना काही लागत नाही, म्हणून मराठी माणसाच्या इंग्रजीत तो 'अ' हमखास गळतो.

शब्दयोगी असे लागतात:

- क्षेत्रासाठी 'इन': 'अ रेव्होल्यूशन इन मेडिसिन'. मराठीतल्या 'वैद्यकाची क्रांती'च्या चालीवर 'ऑफ' लावला तर वाक्य खटकते.
- राजवटीविरुद्ध 'अगेन्स्ट'.
- सालासाठी 'ऑफ': 'द रेव्होल्यूशन ऑफ 1848'.
- ग्रहाच्या फिरण्यासाठी आधी 'ऑफ', मग 'अराउंड': 'द रेव्होल्यूशन ऑफ द अर्थ अराउंड द सन'.

क्रियापदे अर्थानुसार बदलतात. राजकीय क्रांती 'ब्रेक्स आउट', म्हणजे भडकते. औद्योगिक क्रांतीला हे चालत नाही, ती 'बिगिन्स' किंवा 'टेक्स प्लेस'. फेऱ्याला 'मेक' किंवा 'कम्प्लीट' लागते. एखादे क्षेत्र क्रांतीतून जाते तेव्हा 'अंडरगो'.

'रेव्होल्यूशनाइज' हे क्रियापद थेट कर्म घेते. 'रेव्होल्यूशनाइज्ड द इंडस्ट्री' बरोबर, मध्ये 'इन' घुसवले की चूक. शेवटी 'एस' की 'झेड', हे अमेरिकी इंग्रजीत ठरलेले आहे: 'झेड'. ब्रिटिश लेखनात 'एस' जास्त दिसतो, पण 'झेड'ही शुद्ध मानतात. एका मजकुरात एकच ठेवा.

'रेव्होल्यूशनरी' हे विशेषणही आहे आणि माणसासाठी नामही. मराठीत 'क्रांतिकारक' दोन्ही कामे करतो, पण औषधाला किंवा शोधाला 'क्रांतिकारी' आणि माणसाला 'क्रांतिकारक' अशी विभागणी ठेवली तर वाक्य स्वच्छ राहते.

7. मराठीत आणताना

पहिली गोष्ट शुद्धलेखन. एकटा शब्द 'क्रांती', शेवटचा 'ती' दीर्घ. प्रत्यय लागला तरी दीर्घच: क्रांतीने, क्रांतीचा. समासात हा शब्द आधी आला की ऱ्हस्व होतो: क्रांतिकारक, क्रांतिवीर, क्रांतिवृत्त. समासात शेवटी आला की पुन्हा दीर्घ: हरितक्रांती, प्रतिक्रांती. छापील मजकुरात 'क्रांतीकारक' इतक्या वेळा दिसते, की तेच बरोबर वाटू लागते.

दुसरी गोष्ट पंचांगाची. तिथे 'सूर्याची क्रांती' म्हणजे विषुववृत्तापासून सूर्याचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर, फार तर सुमारे साडेतेवीस अंश. हा मजकूर इंग्रजीत नेताना 'रेव्होल्यूशन' लिहिले तर सूर्याने बंड केल्यासारखे होईल. तिथला इंग्रजी शब्द 'डेक्लिनेशन'.

तिसरी गोष्ट, दर वेळी 'क्रांती घडवली' लिहायची सवय सोडा. बदल खोल असेल तर 'आमूलाग्र बदल' हा फार नेमका शब्द आहे: मुळापासून टोकापर्यंत. इंग्रजी 'रॅडिकल'च्या पोटातही लॅटिन मूळ, म्हणजे झाडाचे मूळच, आहे. बाह्य रूप सुधारले असेल तर 'कायापालट', गोंधळ माजला असेल तर 'उलथापालथ', एक युग संपून दुसरे आले असेल तर 'स्थित्यंतर'.

8. शेजारच्या शब्दांपासून वेगळे काढा

1789 हे एकच साल घ्या. 28 एप्रिलला दक्षिण पॅसिफिकमध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावर खलाशांनी कप्तानाला होडीत बसवून सोडून दिले. ते 'म्यूटिनी', कारण जहाजावरच्या किंवा सैन्यातल्या माणसांनी आपल्या अधिकाऱ्यांविरुद्ध केलेले बंड म्हणजे 'म्यूटिनी'. 14 जुलैला पॅरिसमध्ये बास्तिल पडले. बातमी ऐकून सोळाव्या लुईने 'हे बंड आहे का?' असे विचारले आणि सरदार लियांकूर यांनी 'नाही महाराज, ही क्रांती आहे' असे उत्तर दिले, असे सांगतात. संवाद शब्दशः असाच झाला असो वा नसो, फरक त्यात चोख आहे: 'रिव्होल्ट' मोडून काढता येतो, 'रेव्होल्यूशन'नंतर मागचे जग उरत नाही.

बाकीचे थोडक्यात:

- 'रिबेलियन': सशस्त्र, संघटित बंड, बहुधा फसलेले. यशस्वी झाले की इतिहासकार नाव बदलतात.
- 'अपरायझिंग': उठाव, एखाद्या शहरापुरताही.
- 'कू': सैन्याने किंवा मूठभरांनी झटक्यात सत्ता घेणे. स्पेलिंगच्या शेवटी 'पी' आहे, पण तो उच्चारायचा नाही.
- 'रिफॉर्म': व्यवस्था ठेवून केलेली सुधारणा.
- 'सी चेंज': शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकातून आलेला प्रयोग, अर्थ खोल रूपांतर. यात समुद्राचा संबंध आता उरलेला नाही, तेव्हा मराठीत समुद्र आणू नका.

1857 च्या घटनेला इंग्रजी पुस्तकांत 'म्यूटिनी', 'रिव्होल्ट' आणि 'वॉर ऑफ इंडिपेंडन्स' अशी तिन्ही नावे दिसतात. शब्द निवडला की लेखकाची बाजू कळते. भाषांतरात मूळ लेखकाचाच शब्द ठेवा. आपले मत तळटीपेत द्या, मजकुरात मिसळू नका.

9. नेहमीचे सापळे

*'रिव्होल्टिंग'.* कोशात 'उठाव करणारा' असा अर्थ आहे खरा, पण रोजच्या इंग्रजीत तो 'किळसवाणा' आहे. चळवळीच्या कौतुकाच्या भाषणात हा शब्द आला तर श्रोते हसतील.

*'360 अंशांचा बदल'.* पूर्ण 360 अंश फिरलात तर आधी होतात तिथेच तोंड करून उभे राहता. भूमिका उलटी झाली असेल तर आकडा 180 हवा. मराठी लेखनातही ही चूक फोफावली आहे.

*'रिव्हॉल्व्हिंग'.* फिरता दरवाजा, फिरती खुर्ची, फिरता रंगमंच, सगळीकडे नुसते 'फिरता' चालते. 'रिव्हॉल्व्हर'चे नावही गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यावरून पडले. सॅम्युअल कोल्टने त्याच्या रचनेचे अमेरिकी पेटंट 1836 मध्ये घेतले. बंडाशी या नावाचा संबंध लावू नका.

*'काउंटर-रेव्होल्यूशन'.* हे 'उलट दिशेने फिरणे' नव्हे. हे क्रांतीविरुद्ध उभे राहणे आहे, म्हणून 'प्रतिक्रांती'.

10. हात बसवण्यासाठी चार वाक्ये

आधी स्वतः करून पाहा, मग पुढचे वाचा.

'द व्हील मेक्स टेन रेव्होल्यूशन्स अ सेकंद.' चाक सेकंदाला दहा फेरे घेते. क्रियापद 'मेक' दिसताच फिरण्याचा अर्थ पक्का होतो.

'प्रिंटिंग रेव्होल्यूशनाइज्ड लर्निंग.' छपाईने विद्येचा व्यवहार मुळापासून बदलला. 'क्रांती घडवली' चूक नाही, पण वाक्य सैल पडते.

'द रेव्होल्यूशन अबॉलिश्ड द मॉनर्की.' क्रांतीने राजेशाही संपवली. इथे दुसरा शब्द शोधायची गरजच नाही.

'आफ्टर वन फुल रेव्होल्यूशन, नथिंग हॅड चेंज्ड.' हे अवघड आहे, कारण लेखक दोन्ही अर्थांशी एकदम खेळतो आहे: क्रांतीही झाली आणि फेराही पूर्ण झाला. 'एका पूर्ण क्रांतीनंतर' लिहिले तर फेरा जातो, 'एका पूर्ण फेऱ्यानंतर' लिहिले तर क्रांती जाते. एका शब्दात दोन्ही धरायचा हट्ट सोडून दोन शब्द वापरले की जमते: 'क्रांतीचे चाक पुरता एक फेरा फिरले आणि सगळे होते तिथेच येऊन थांबले.'